रक्तवाढीची गोळी, वाढलेलं बीपी आणि सासूबाईंची शंका

या वेळच्या टपालात गरोदरपणातलं हिमोग्लोबिन आणि बीपी यांचीच पत्रं जास्त आहेत, म्हणून पाळीच्या तक्रारी पुढच्या अंकासाठी ठेवल्या. नावं-गावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत. ज्यांना घाई होती त्यांना फोन केलेला आहे. अंक हातात पडेपर्यंत थांबण्यासारखा हा विषय नाही.

प्रश्न: मी २४ वर्षांची आहे. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना चालू आहे. हिमोग्लोबिन ८.९ आलं म्हणून उपकेंद्रातल्या सिस्टरांनी लाल गोळ्या रोज दोन घ्यायला सांगितल्या. काही दिवस घेतल्या. मागच्या तपासणीला बीपी १४२/९२ निघालं. सासूबाई म्हणतात, गोळ्यांनी अंगात रक्त जास्त झालं म्हणून प्रेशर वाढलं, आता बंद कर. शेजारच्या काकू म्हणतात, या गोळ्यांनी बाळ काळं होतं. तेव्हापासून गोळ्या डब्यात पडून आहेत. काय करू?

उत्तर: आज रात्री जेवण झालं की गोळी घे, आणि उद्या सकाळी बीपी पुन्हा मोजायला जा. ही दोन वेगळी कामं आहेत. एकासाठी दुसरं अडवायचं नाही.

सासूबाईंचा तर्क ऐकायला पटण्यासारखा आहे आणि तो करणाऱ्या त्या एकट्या नाहीत. शिकल्यासवरल्या घरांतूनही मी हेच ऐकते. पण तूच बघ. गरोदरपणात प्रत्येक बाईच्या अंगातलं रक्त वाढतंच, गोळी घ्या नाहीतर नका घेऊ. आठव्या महिन्यापर्यंत रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, जवळजवळ निम्म्याने वाढतो. रक्त वाढलं की प्रेशर वाढतं असं असतं, तर झाडून सगळ्या गरोदर बायकांचं बीपी चढलं असतं. होतं उलटंच. चौथ्या-पाचव्या महिन्यात बीपी नेहमीपेक्षा थोडं उतरतं, कारण रक्तवाहिन्या सैलावतात आणि वाढलेलं रक्त सामावून घेतात. तांबड्या पेशीही वाढतात, पण पाण्याच्या मानाने कमी. आमटीत पाणी वाढवलं की मसाला तेवढाच असून चव उतरते, तसा हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरतो. म्हणून गरोदरपणात आम्ही ११ ला पुरेसं म्हणतो, मधल्या तीन महिन्यांत तर १०.५ लाही. ८.९ मात्र नुसतं पाणी वाढल्याने येत नाही. तिथे खरीच कमतरता आहे, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा लोहाची असते.

आता बीपी. गरोदरपणात चढणाऱ्या बीपीचं मूळ बहुधा वारेत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटात, असतं. वार रुजताना गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या चांगल्या रुंद व्हायला हव्यात. काही जणींत त्या अरुंदच राहतात, वारेला रक्त पुरत नाही, आणि मग वारेतून असे पदार्थ आईच्या रक्तात उतरतात की अंगभरच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. वाहिन्या आवळतात, बीपी चढतं, मूत्रपिंडातून प्रथिनं गळू लागतात. या आजाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. याची सुरुवात पहिल्या काही महिन्यांतच झालेली असते, दिसतं मात्र पाचव्या महिन्यानंतर. तुझ्या गोळीचा यात काही हात नाही.

उलट बीपी वाढलेल्या बाईला रक्त कमी असणं जास्त महागात पडतं. बाळंत होताना रक्तस्राव प्रत्येकीलाच होतो, आणि बीपीचा त्रास असलेलीला तो जास्त होण्याची भीती असते. ११ वाली जेवढं सोसते, तेवढं ८.९ वालीला सोसत नाही. सासूबाईंना एवढं नीट सांग, किंवा त्यांनाच तपासणीला बरोबर घेऊन जा. सुनेच्या काळजीने बोलणारं माणूस आहे, समोर बसवून सांगितलं की ऐकतं असा माझा अनुभव आहे. शेजारच्या काकूंना काही समजवायला जाऊ नकोस. बाळाचा रंग आईबापांवर जातो, गोळीवर नाही.

गोळी कशी घ्यायची ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. दोन घ्यायच्या तर एक सकाळी, एक रात्री. पाण्याबरोबर, जमलं तर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. चहा मात्र गोळीच्या आगेमागे दोन तास नको, कारण चहा लोह धरून ठेवतो आणि ते अंगाला लागत नाही. दुधाबरोबर नको. सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमची गोळी मिळते, ती दुपारी जेवणानंतर घे, लोहाच्या गोळीबरोबर कधीच नाही. दोन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकून ‘झाली बाई कटकट’ म्हणणाऱ्या फार आहेत. संडास काळी होईल, घाबरू नकोस. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घे आणि झोपून जा. पोट धरलं तर पालेभाजी आणि पाणी वाढव, गोळी सोडू नकोस.

महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा बघायचं. एखाद्या ग्रॅमने तरी वर यायला हवं. नाही आलं तर कारण दुसरं असू शकतं: बी-१२ कमी, जंत, किंवा थॅलॅसेमिया मायनर, म्हणजे आईबापांकडून आलेला रक्ताचा सौम्य दोष. आणि तुझ्या हातात दिवस थोडे आहेत. गोळीने भागत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, ते सरकारी रुग्णालयातही मिळतं. ‘सलाईनमधून लोखंड देतात’ म्हणून घाबरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. डॉक्टरांच्या नजरेसमोर दिलं तर घाबरण्यासारखं काही नाही.

१४२/९२ एकदाच निघालं असेल तर त्याला लगेच आजार म्हणत नाही. चार तासांच्या अंतराने पुन्हा १४०/९० किंवा वर निघालं तर म्हणतो. म्हणून पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट बघायची नाही. उद्याच जा, लघवी तपासून घे.

प्रश्न: माझ्या मुलीला सहावा महिना आहे. हिमोग्लोबिन ९.४. मी तिला रोज बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे देते, तरी आकडा हलत नाही. औषधांपेक्षा आहारच बरा ना?

उत्तर: ताई, बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं ही समजूत कधी जाणार कोण जाणे. १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं, डाळिंबात त्याहून कमी. गरोदर बाईला रोज २७ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, आणि भाजी-धान्यातलं लोह अंगाला लागतं ते त्यातलं जेमतेम दहावा हिस्सा. डाळिंब चांगलंच आहे, आवडीने खाऊ द्या. फक्त त्याच्यावर विसंबू नका.

खाण्यातून द्यायचंच तर बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, माठ, राजगिऱ्याचा किंवा शेवग्याचा पाला, कारळाची चटणी. वरून लिंबू पिळायला विसरू नका, त्या दोन थेंबांनी भाजीतलं लोह कितीतरी जास्त लागतं. भाजी लोखंडी कढईत करा, चिंच-टोमॅटो घातलेली असेल तर आणखी चांगलं. नॉनस्टिक आलं आणि घरातली लोखंडी कढई माळ्यावर गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मासे-मटण चालत असेल तर सुकट, अंडी, मटण द्या, त्यातलं लोह जास्त लागतं. कलेजी रोज नको. तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि गरोदरपणात ते जास्त झालेलं चालत नाही.

पण एवढं सगळं केलं तरी ९.४ ची तूट राहिलेल्या तीन महिन्यांत जेवणातून भरून निघत नाही. जेवण भरलेली टाकी भरलेली ठेवायला पुरतं. गोळी हवीच.

एक गोष्ट मात्र सांगायला मला फार आवडते, कारण ती आपल्या मुंबईची आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका रक्त कमी होऊन मरत होत्या, आणि त्यांच्यातल्या एका प्रकारच्या पंडुरोगाला लोहाने गुण येत नव्हता. परळच्या हाफकिन संस्थेतून तिने त्यांचा माग काढला. त्या काय खातात ते पाहिलं, तसंच खाणं प्राण्यांना देऊन पाहिलं, आणि शेवटी यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या होतात असं तिला आढळलं. तो अर्क म्हणजे मार्माईट, ब्रेडला लावायचा स्वस्त काळा लगदा. त्यात नेमकं काय गुणाचं आहे ते पुढे १९४० च्या दशकात कळलं: फॉलिक ॲसिड. तुमच्या मुलीच्या लाल गोळीत लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं ते याच पायी. म्हणून आकडा हलत नसेल तर ‘आणखी बीट’ असं न म्हणता डॉक्टरांना म्हणा, रक्ताची पूर्ण तपासणी करू या. कमी रक्ताची कारणं एकाहून जास्त असतात, हे त्या बाईंनी आपल्याच गिरणगावात दाखवून दिलं आहे.

प्रश्न: पत्नीला ३३ वा आठवडा आहे. हिमोग्लोबिन १३.८ आहे. सगळे म्हणतात रक्त भरपूर आहे, काळजी नाही. पण आठवड्याभरात तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसतो, बोटातली अंगठी निघत नाही. घरच्या मशीनवर बीपी कधी १३८/८८, कधी १४८/९६, काल रात्री १५६/१०० आलं. दवाखान्याची तारीख दहा दिवसांवर आहे. माझे वडील बीपीसाठी टेल्मिसार्टन घेतात, त्यातली अर्धी गोळी तोवर दिली तर चालेल का?

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी फोन करून सांगितलं की गोळी देऊ नका आणि संध्याकाळच्या आत दाखल व्हा. तुम्ही गेलात, बरं केलंत. इथे लिहिते ते इतरांसाठी.

टेल्मिसार्टन, रामिप्रिल या जातीच्या गोळ्या गरोदर बाईला द्यायच्या नसतात. त्याने बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते आणि बाळाभोवतीचं पाणी कमी होतं. गरोदरपणात चालणारी औषधं वेगळी आहेत: लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा. तीही डॉक्टरांनीच मोजून-मापून द्यायची. वडिलांच्या डब्यातली गोळी सुनेला, हा प्रकार आपल्या घरांतून सर्रास चालतो म्हणून एवढं स्पष्ट लिहिते आहे.

आता तुमच्या १३.८ बद्दल. वरच्या मुलीला लिहिलं तसं, आठव्या महिन्यात रक्तात पाणी वाढलेलं असतं आणि आकडा थोडा उतरलेला असतो. तो उतरायलाच हवा. एखादीचं मुळातच चांगलं असतं, त्यात वावगं नाही. पण चेहऱ्याला सूज आणि चढतं बीपी यांच्या जोडीला असा वरचा आकडा दिसला की मला पहिली शंका येते की प्लाझ्मा वाढलेलाच नाही, किंवा वाहिन्यांतून झिरपून तो सुजेत चालला आहे. मग रक्त दाट होतं आणि कागदावर हिमोग्लोबिन छान दिसतं. अशा वेळी ‘रक्त भरपूर’ म्हणून निर्धास्त झालेलं घर मला जास्त भीतीचं वाटतं. शिवाय हा आकडा टिकेलच असंही नाही. आजार बळावला तर काही जणींत तांबड्या पेशी फुटायला लागतात, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरतात, यकृतावर ताण येतो. म्हणून दाखल केल्यावर प्लेटलेट, यकृत, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन सगळं तपासतात. इतक्या तपासण्या कशाला लिहिल्या म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नका.

लघवीतलं प्रथिन हल्ली पट्टी बुडवून दोन मिनिटांत कळतं. आम्ही शिकत होतो तेव्हा परीक्षानळी तिरकी धरून लघवीचा फक्त वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचो. वरचा भाग गढूळ पांढरा झाला की ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकायचे. गढूळपणा विरघळून गेला तर क्षार, तसाच राहिला तर प्रथिन. खालचा भाग तापवायचा नाही तो एवढ्यासाठी की वरच्याशी पडताळून बघता यावं. दुर्गम ठिकाणी पट्ट्या संपल्या तर आजही ही युक्ती उपयोगी पडते.

घरचं मशीन चांगलं, पण मोजता कसं यावर सगळं आहे. तुमची पत्नी पलंगावर पाय लोंबकळत बसते आणि गाऊनच्या बाहीवरूनच पट्टा बांधता, हे तुम्ही फोनवर सांगितलंत. आधी लघवीला जाऊन यायचं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला, पाच मिनिटं गप्प. दंड उघडा, पट्टा दंडाला, हात उशीवर, म्हणजे छातीच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही, सासूने विचारलं तरी नाही. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा वर जातो. मनगटाचं मशीन गरोदरपणात नको. आणि या आजारात काही आपोआप मोजणारी मशीनं आकडा कमी दाखवतात, म्हणून दवाखान्यात एकदा दोन्ही आकडे ताडून बघा.

कधी थांबायचंच नाही? १६०/११० झालं तर. कपाळ किंवा डोकं ठणकतंय आणि गोळीने उतरत नाही, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसतंय, बरगड्यांखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, लघवी कमी झाली, बाळाची हालचाल मंदावली, तर रात्र असो की पहाट, १०८ ला फोन करा. पोटाच्या त्या दुखण्याला ‘ॲसिडिटी’ म्हणून गोळी देणं फार घातक ठरतं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. ते दिल्यावर डॉक्टर-सिस्टर दर वेळी गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, श्वास मोजतात, लघवीची पिशवी बघतात. औषध अंगात जास्त झालं तर सगळ्यात आधी हातोडीने पाय उडणं बंद होतं. नातेवाइकांना वाटतं काय खेळ चाललाय. तो खेळ नाही.

मीठ अगदी बंद केलंय असं तुम्ही म्हणालात. याची गरज नाही. या बीपीला अळणी जेवणाने उतार पडत नाही आणि बाई मात्र जेवेनाशी होते. लोणचं-पापड कमी करा, भाजीत नेहमीचं मीठ असू द्या. यावर खरा उपाय बाळंतपण हाच आहे. ते कधी करायचं हे बीपी, रक्त आणि बाळाची वाढ बघून ठरतं. साधारण ठीक असेल तर ३७ आठवड्यांपर्यंत नेतात, बिघडत असेल तर आधीच.

प्रश्न: बाळंत होऊन सहा दिवस झाले. नॉर्मल झालं. गरोदरपणात बीपी थोडं वाढलं होतं, पण आता बाळ झालं म्हणून गोळी बंद केली. कालपासून डोकं फार दुखतंय. आई म्हणते वारा लागला, कान बांध.

उत्तर: कान बांध, हरकत नाही, पण आधी बीपी मोजून घे, आजच. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सगळ्यात जास्त चढतं, आणि झटके बाळंत झाल्यावरही येऊ शकतात. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नव्हती. अंगावर पाजताना चालतील अशा बीपीच्या गोळ्या आहेत. लोहाची गोळीही बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायची असते, हेही कोणी सांगितलं नसेल.

प्रश्न: मॅडम, मी आशा कार्यकर्ती आहे. माझ्या पाड्यातल्या एकीला मागच्या खेपेला आठव्या महिन्यात झटके आले होते, बाळ गेलं. आता तिला दोन महिने झाले आहेत. मी कार्डावर नोंद केली. आणखी काय करू?

उत्तर: दुसऱ्याच महिन्यात लिहिलंत, हेच मोठं काम केलंत. अशा बाईला बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री ॲस्पिरिनची छोटी मात्रा, ७५ ते १५० मिलिग्रॅम, सुरू करतात आणि ३६ आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. ती डॉक्टरांनीच लिहायची, तुम्ही द्यायची नाही. पण तिला वेळेत डॉक्टरांसमोर उभं करणं तुमच्या हातात आहे. पाचवा महिना उलटल्यावर सुरू केलं तर फारसा उपयोग होत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात स्त्रीरोगतज्ज्ञ बघतात, येत्या ९ तारखेलाच न्या. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून, कॅल्शियमही तेव्हापासूनच. आमच्या भागातल्या बायका दूध पीत नाहीत असं तुम्ही लिहिलं आहे, अशांना तर कॅल्शियमने या बीपीचा धोका खरोखर कमी होतो. नाचणी पिकत असेल तर भाकरी-आंबील चालू ठेवायला सांगा.

तुमचा भाग सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, आहे. तिची ती तपासणी झाली नसेल तर याच खेपेला करून घ्या. आणि आत्ताचं, दुसऱ्या महिन्यातलं बीपी कार्डावर ठळक लिहा. पुढे सातव्या महिन्यात कोणी १३०/८४ बघून ‘नॉर्मल आहे’ म्हणेल, तेव्हा सुरुवातीला ते ९६/६० होतं हे तुमच्या त्या नोंदीवरूनच कळेल. प्रसूती मोठ्या रुग्णालयात होणार, गाडी कुठली, रात्री नदीला पाणी असलं तर कुठल्या वाटेने, हे तिच्या नवऱ्याशी आत्ताच बोलून ठेवा. तुमच्याकडे माहेरघराची, म्हणजे प्रसूतीआधी दवाखान्याजवळ राहायची, सोय असेल तर शेवटच्या आठवड्यांत तिला तिथे आणून ठेवायची तयारी करा. नवरा तयार नसेल तर मला कळवा, मी त्याच्याशी फोनवर बोलेन.